चुन्याचे बोट आणि जिभेखालची गोळी

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपरीपाशी एक कृती हमखास दिसते. डाव्या तळहातावर तंबाखूची चिमूट घ्यायची, तिच्यावर चुन्याचे बोट लावायचे, उजव्या अंगठ्याने मळायचे, दोन चापट्या मारून भुकटी उडवायची आणि उरलेला बार खालच्या ओठात किंवा गालात धरायचा. भोसरी, आकुर्डी, तळवडे, महाळुंगे, चाकण, सगळीकडे रीत तीच. नगरकडचा कामगार मावा घोटतो, विदर्भातला खर्रा मागतो, बिहारमधला तिला खैनी म्हणतो. चुना मात्र प्रत्येकाला लागतो. तो कशाला, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : चुन्याशिवाय तंबाखू लागत नाही.

औषधशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अगदी अचूक आहे. एखादा पदार्थ तोंडाच्या अस्तरातून रक्तात किती आणि किती लवकर जाईल, हे तोंडातल्या आम्लतेवर अवलंबून असते, या नियमाचा हा रोजचा, लाखो तळहातांवरचा प्रयोग आहे. व्यसनाने हा नियम पुरता वापरून घेतला. तोच नियम उपचारात मात्र अर्धाच पोहोचला आहे. जिभेखालची गोळी, गालात धरायची औषधे, तंबाखू सोडवणारे च्युइंगगम, ही सगळी याच वाटेने जातात. पण त्या वेळी तोंडात काय असावे आणि काय नसावे, हे रुग्णाला क्वचितच कोणी सांगते. या नियमाची व्याप्ती किती आणि तो कुठे संपतो, याचा एकत्र विचार करण्याची गरज म्हणूनच वाटते.

आम्लता मोजायची मोजपट्टी म्हणजे पीएच, म्हणजेच सामू. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या सोरेन्सन यांनी ती १९०९ साली मांडली. सात हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. एक अंक बदलला की आम्लता दहापट बदलते, आणि पुढचे सारे गणित या दहापटीत दडलेले आहे. निरोगी माणसाच्या लाळेचा सामू साधारण सव्वासहा ते साडेसातच्या दरम्यान असतो. पाण्यात विरलेल्या चुन्याचा सामू १२.४ च्या आसपास असतो.

निकोटिन हे सौम्य आम्लारी आहे. आजूबाजूला आम्ल असले की त्याचा रेणू एक हायड्रोजन आयन उचलतो आणि प्रभारित होतो. प्रभारित रेणू पाण्यात सुखाने राहतो, पण पेशींच्या स्निग्ध आवरणातून जाऊ शकत नाही. आम्ल कमी झाले की तो हायड्रोजन सोडतो, प्रभाररहित होतो आणि आवरणातून पार होतो. निम्मे रेणू प्रभारित आणि निम्मे मोकळे अशी स्थिती निकोटिनच्या बाबतीत सामू आठच्या सुमारास येते. बाकीचे आकडे त्यावरून सरळ काढता येतात. सामू सहा असेल तर शंभरातला जेमतेम एक रेणू मोकळा असतो. सातला नऊ, आठला पन्नास, नऊला एक्क्याण्णव. चिमूटभर तंबाखूत निकोटिन तेवढेच राहते. चुना त्यात एक कणही वाढवत नाही. पार होऊ शकणाऱ्या रेणूंची संख्या मात्र तो कित्येक पटींनी वाढवतो.

चाकणच्या अनेक कारखान्यांत गेटवरच तंबाखूची डबी काढून ठेवावी लागते. ती ठेवली की आत सोडतात. निकोटिनच्या रेणूचे अस्तरापाशी असेच होते, हायड्रोजन बाहेर ठेवला तरच प्रवेश. मात्र आत शिरल्यावर गोष्ट संपत नाही. रक्ताचा सामू ७.४ असतो, तिथे त्यातले बरेच रेणू पुन्हा प्रभारित होतात आणि रक्तप्रवाह त्यांना घेऊन जातो. बाहेर मोकळ्या रेणूंची जागा रिकामी झाली की प्रभारित साठ्यातले आणखी काही मोकळे होतात. त्यामुळे सामू सातला नऊच टक्के मोकळे असतात याचा अर्थ एकूण नऊच टक्के शोषले जातात, असा नाही. वेळ दिला तर साठा हळूहळू पुढे सरकतो. पण तोंडात वेळ कमी असतो. लाळ सतत येत राहते, माणूस गिळतो किंवा थुंकतो आणि औषध निघून जाते. म्हणून तोंडाच्या बाबतीत वेग हाच निर्णायक, आणि वेगावर सामूची पकड आहे.

हीच युक्ती दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक कोकाची पाने राख किंवा चुन्यासोबत चघळताना वापरत आले आहेत. कोकेन हेही सौम्य आम्लारीच. दोन खंडांतल्या माणसांना रसायनशास्त्र शिकण्याच्या कितीतरी आधी जिभेनेच हे शिकवले होते. सिगारेटच्या धुराची गोष्ट याच्या उलट आहे. तो धूर किंचित आम्लधर्मी असल्याने नुसता तोंडात धरून फारसे निकोटिन मिळत नाही, तो फुप्फुसात ओढावा लागतो. सिगारचा धूर आम्लारीकडे झुकलेला, म्हणून तो तोंडातूनही शोषला जातो.

तोंडाचे अस्तर सगळीकडे सारखे नसते. मोठ्या माणसाच्या तोंडातल्या अस्तराचे एकूण क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या एका पानाहूनही लहान. आतड्याचे तीस चौरस मीटरच्या घरात. जिभेखालचे अस्तर पातळ, शे-दोनशे मायक्रोमीटर जाडीचे. गालाचे त्याच्या तिप्पट-चौपट जाड. हिरड्या आणि टाळू चर्वणाचा मार सोसण्यासाठी कडक झालेले, तिथून फारसे काही आत जात नाही. म्हणूनच झटपट परिणाम हवा असेल तर गोळी जिभेखाली ठेवतात आणि हळूहळू, बराच वेळ हवा असेल तर गालात. या छोट्याशा जागेला जे महत्त्व आले ते तिच्या रक्तवाहिन्यांमुळे. इथले रक्त मानेतल्या शिरांवाटे थेट हृदयाकडे जाते. गिळलेले औषध आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथे त्यातले पुष्कळसे मोडून पडते. गिळलेल्या निकोटिनचा मोठा भाग यकृतच संपवते. तोंडातून गेलेले ती पहिली चाळणी टाळते.

या सगळ्याला शास्त्राची बैठक मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९५७ साली अमेरिकेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पडद्याच्या दोन्ही बाजूंचा सामू वेगळा असेल तर औषधाची वाटणी कशी होते याचा सिद्धांत मांडला. त्यांचा अभ्यास जठराबद्दल होता. दहा वर्षांनी, १९६७ साली, लंडनमध्ये आर्नोल्ड बेकेट आणि ट्रिग्ज यांनी तो तोंडात तपासला, आणि त्यांची पद्धत इतकी साधी होती की तिचे आजही कौतुक वाटते. औषधाचे द्रावण ठरावीक सामूचे करायचे, माणसाने ते तोंडात पाच मिनिटे खळबळवायचे, मग थुंकायचे, आणि थुंकलेल्या द्रावणात किती औषध उरले ते मोजायचे. जे कमी झाले ते अस्तरात गेले. आम्लारी औषधांच्या बाबतीत द्रावणाचा सामू वाढवला की गायब होणारा वाटा वाढत गेला, आम्लधर्मी औषधांच्या बाबतीत कमी झाला. हेच बेकेट पुढे खेळाडूंच्या उत्तेजक-चाचण्यांच्या कामामुळे जगभर ओळखले गेले.

या चाचणीला एक मर्यादा आहे. तोंडातून नाहीसे झालेले औषध रक्तात पोहोचलेच असे नाही. काही अस्तरातच अडकते, काही नकळत गिळले जाते. तरी कल स्पष्ट दिसतो. १९८८ साली वेदनाशामक अफूजन्य औषधांवर असाच अभ्यास झाला. मेथाडोन जिभेखाली ठेवले तेव्हा सामू ६.५ असताना ३४ टक्के शोषले गेले, ८.५ असताना ७५ टक्के. त्याच अभ्यासात मॉर्फिन मात्र १८ टक्क्यांच्या आसपासच राहिले, कारण त्याच्या रेणूला स्निग्ध पदार्थाशी मुळात सलगीच नाही. प्रभार काढून टाकला तरी प्रत्येक रेणू आत जातोच असे नाही, त्याला तेलात विरघळायची थोडी तरी आवड असावी लागते. १९९५ साली कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात फेंटानिलच्या द्रावणाचा सामू ६.६ वरून ७.७ पर्यंत वाढवला, तेव्हा गालातून होणारे शोषण तीन ते पाच पटींनी वाढले. सामूतला फरक एका अंकाहून थोडा अधिक, तेवढ्यावर तीन ते पाच पट.

आता या नियमाची दुसरी बाजू, आणि माझ्या मते सामान्य वाचकासाठी जास्त महत्त्वाची. जिभेखाली ठेवायच्या सगळ्यात प्रसिद्ध गोळीला हा नियम लागूच होत नाही.

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी आपल्याकडे असंख्य घरांच्या कपाटात आणि कित्येकांच्या खिशात असते. यातले मूळ औषध नायट्रोग्लिसरीन; लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ साली हृदयशूळावर त्याचा उपयोग दाखवून दिला. आपल्याकडे त्याच कुळातले आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट जास्त प्रचलित आहे. या दोन्ही रेणूंना हायड्रोजन उचलायची किंवा सोडायची सवय नाही. लाळ आंबट असो की आम्लारी, ते प्रभाररहितच राहतात, आणि लहान व स्निग्ध असल्याने काही मिनिटांत पार होतात. इथे अडसर येतो तो कोरड्या तोंडाचा. गोळी विरघळायला लाळ लागते. भट्टीपाशी किंवा पेंटशॉपमध्ये उन्हाळ्यात घाम गाळलेला माणूस, घाबरून तोंडाला कोरड पडलेला माणूस, सर्दीच्या किंवा मनोविकाराच्या काही गोळ्यांमुळे लाळ आटलेला माणूस, यांच्या जिभेखाली ती गोळी तशीच पडून राहते. पाण्याच्या एका घोटाने तोंड ओले करून मग गोळी ठेवली तर तिचे काम सुरू होते. बसून घ्यावी हेही सांगायला हवे, कारण रक्तदाब एकदम उतरतो.

अॅस्पिरिनचा घोटाळा याच्या शेजारचा आहे. हृदयविकाराचा झटका आला तर अॅस्पिरिन चावून खायला सांगतात, त्यावरून तेही तोंडातून रक्तात जाते असा समज पसरलेला दिसतो. अॅस्पिरिन सौम्य आम्ल आहे. लाळेच्या सामूला त्याच्या दर दोन हजार रेणूंमागे एखादाच प्रभाररहित असतो. तोंडातून जाणार ते नगण्य. चावायचे ते गोळीचे बारीक तुकडे होऊन ती पोटात लवकर विरघळावी म्हणून, आणि चावून झाल्यावर ते गिळायचेच असते.

रक्तदाब वाढला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळण्याची पद्धत आपल्या दवाखान्यांत बरीच वर्षे होती. १९९६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत थांबवावी असे आवाहन छापून आले. त्यात नमूद केलेली एक गोष्ट अशी की ते औषध जिभेखालून जवळजवळ जातच नाही. दिसणारा परिणाम गिळलेल्या भागाचा असतो, आणि रक्तदाबाची ती अचानक घसरण काही रुग्णांना मेंदूच्या किंवा हृदयाच्या आघातापर्यंत नेते. जिभेखाली ठेवले म्हणजे लवकर लागू पडले, ही समजूत किती महाग पडू शकते याचे हे उदाहरण आहे. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांबद्दलही तेच. उलटीवरची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी जिभेवर क्षणात विरघळते, पण शोषली जाते ती बहुतांशी गिळल्यावर, आतड्यातून. विरघळणे आणि शोषले जाणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि औषधाच्या दुकानात त्या नेहमी एकच समजल्या जातात. याला सन्माननीय अपवाद आहेत. कंपवातावरचे सेलेजिलिन अशा झटपट विरघळणाऱ्या गोळीतून दिले तर बरेचसे तोंडातूनच जाते, आणि १० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या गोळीचे काम १.२५ मिलिग्रॅममध्ये होते.

रेणूचा आकार ही आणखी एक हद्द, आणि तिचे उदाहरण पिंपरीतच घडले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. आज ज्याला औद्योगिक पट्टा म्हणतो त्याची ती सुरुवातीची वीट. तिथे तयार होऊ लागलेले पेनिसिलिन सामूचा दुसरा, कठोर चेहरा दाखवते. जठरातल्या आम्लात ते मिनिटांत मोडते, म्हणून सुई टोचणे भाग होते. आम्लात टिकणारे पेनिसिलिन व्ही १९५०च्या दशकात ऑस्ट्रियात सापडले तेव्हा कुठे गोळीने काम भागू लागले. आकाराचे उदाहरण मात्र दुसरे. पिंपरीच्या संशोधन विभागात तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. त्या जीवाला त्यांनी पिंपरीचेच नाव दिले, स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. हॅमायसिन तोंडातल्या बुरशीवर लावत. त्याचा रेणुभार अकराशेच्या वर, निकोटिनचा १६२. एवढा मोठा रेणू अस्तरातून आत जात नाही, मग सामू काहीही असो. इथे ते सोयीचेच होते, कारण बुरशी अस्तराच्या पृष्ठभागावर होती आणि औषधाला तिथेच थांबवायचे होते.

सामू वाढवून शोषण वाढवायचे, तर मग प्रत्येक आम्लारी औषधात थोडा सोडा का मिसळू नये? अडचण अशी की जो सामू रेणूला मोकळा करतो, तोच त्याला पाण्यात विरघळू देत नाही. प्रभाररहित औषध लाळेत साक्यासारखे खाली बसते आणि न विरघळलेले औषध अस्तरापर्यंत पोहोचत नाही. ही ओढाताण फेंटानिलच्या गालात ठेवायच्या एका गोळीत फार हुशारीने सोडवली आहे. अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळालेल्या या गोळीत फसफसणारे घटक असतात. आधी कार्बन डायऑक्साइड तयार होऊन आजूबाजूचा सामू उतरतो आणि औषध विरघळते. मग वायू निघून जातो, सामू चढतो आणि विरघळलेले रेणू मोकळे होऊन आत शिरतात. दोन मागण्या एकामागून एक पुऱ्या केल्या. मुलांच्या झटक्यांवर गालात सोडायचे मिडाझोलामही असेच वागते. आम्लधर्मी द्रावणात त्याच्या रेणूतले एक कडे उघडते आणि ते पाण्यात विरघळते. तोंडातल्या सामूला ते कडे मिटते आणि रेणू स्निग्ध होतो.

दातांच्या दवाखान्यात हाच नियम वेगळ्या जागी भेटतो. भूल देणारे लिडोकेन रक्ताच्या सामूला सुमारे पाव भाग मोकळे असते. दाताच्या मुळाशी पू झाला की तिथली ऊती आम्लधर्मी होते. सामू ६.४ पर्यंत उतरला तर मोकळा भाग तीन टक्क्यांवर येतो. सुजलेल्या दाताला भूल नीट चढत नाही, ही तक्रार खोटी नसते, आणि अशा वेळी रुग्णाला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडच्या औषधनिर्माण महाविद्यालयांत गालात चिकटवायच्या औषधी पापुद्र्यांवर पुष्कळ प्रकल्प होतात. खाटकाकडून आणलेले बकऱ्याच्या गालाचे अस्तर काचेच्या उपकरणात ताणायचे, एका बाजूला औषध, दुसऱ्या बाजूला ६.८ सामूचे फॉस्फेटचे द्रावण, आणि दर अर्ध्या तासाला मोजायचे. शिकण्यासाठी ही रीत चांगली आहे. पण ६.८ वर खिळवलेले द्रावण म्हणजे माणसाचे तोंड नव्हे. माणसाच्या तोंडात गोड खाल्ल्यावर दातांवरच्या किटणाचा सामू काही मिनिटांत ५.५ च्या खाली जातो आणि वर यायला अर्धा-एक तास लागतो. चघळले की लाळ वाढते, तिच्यातला बायकार्बोनेट वाढतो आणि सामू चढतो. कोला प्यायला तर तीनच्या खालचा पदार्थ अस्तरावरून वाहून जातो. या प्रकल्पांनी निदान तीन वेगवेगळ्या सामूंना मोजमाप करावे, एवढी अपेक्षा ठेवणे जास्तीचे नाही.

चुन्याकडे पुन्हा यायला हवे, कारण शोषण वाढवण्यापलीकडेही तो बरेच करतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी त्यात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली होती. आजचा चाकण पट्टा ज्या जमिनीवर उभा आहे तो हाच जिल्हा. त्याच गटातल्या संशोधकांनी १९७९ साली महाराष्ट्रातल्या तंबाखू-चुना खाणाऱ्यांच्या तोंडातल्या एका खास विकृतीचे वर्णन केले. बार जिथे धरला जातो नेमक्या त्याच जागी अस्तर बदललेले असते. तीव्र आम्लारी अस्तराला भाजते, भाजलेले अस्तर जास्त काही आत सोडते, आणि तंबाखूतली कर्करोगजनक नायट्रोसामाइन्स त्याच जागी तासन्‌तास टेकून असतात. मावा, खर्रा, गुटखा यांत सुपारीही आली. चुन्याच्या सान्निध्यात सुपारीतल्या घटकांपासून पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात. सुपारीने अस्तराखाली तंतू साचतात, तोंड उघडेनासे होते. मुंबईच्या जोशींनी हा विकार भारतात १९५३ सालीच नोंदवला होता. तरुण कामगाराच्या तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत अशी अवस्था पाहणे फार क्लेशदायक असते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपला प्रश्न तोंडाचा आहे, हे या दोन आकड्यांतून समजते. राज्याने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर बंदी आणली, पण पुडीतली साधी तंबाखू आणि डबीतला चुना तिच्या कक्षेत येत नाहीत. दोन वेगळ्या वस्तू तळहातावर एकत्र येतात. नियमन करताना निकोटिनचे वजन मोजतात आणि सामू सोडून देतात, हेही मला चुकीचे वाटते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच विभागांतले तोंडात धरायचे तंबाखूचे पदार्थ तपासले होते. त्यांचा सामू ५.२ पासून १०.१ पर्यंत पसरलेला होता आणि मोकळ्या निकोटिनच्या प्रमाणात कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांत ६२० पट फरक निघाला. पुडीवर एकूण निकोटिन छापून यातले काहीच कळणार नाही.

व्यसन सोडवणारे निकोटिनचे गम याच नियमावर बेतलेले आहे. स्वीडनमध्ये ओवे फर्नो यांनी ते विकसित केले आणि १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्यात मुद्दाम सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट घातलेले असते. चुन्याचे काम ते करते, मात्र भाजण्याइतके तीव्र नसते. १९९० साली हेनिंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की गम चघळण्याआधी कॉफी किंवा कोल्याने तोंड खळबळले तर लाळेचा सामू उतरतो आणि निकोटिनचे शोषण फारच घटते. गणितही तेच सांगते : सामू पाचला निकोटिनच्या हजारातला एकच रेणू मोकळा उरतो. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही खाऊ-पिऊ नये, अशी सूचना असते.

आता ही सूचना कारखान्यात नेऊन पाहा. तंबाखूची तलफ येते ती चहाच्या सुट्टीत. दहा मिनिटांची सुट्टी, हातात चहा, आणि त्यावर कुणी दिलेले गम. दुधाचा चहा कोल्याइतका आंबट नसतो, पण पाठोपाठच्या लिंबू सरबताबद्दल, ताकाबद्दल किंवा थंड पेयाबद्दल तसे म्हणता येणार नाही, आणि कोणताही घोट गमातून सुटलेले निकोटिन पोटात ढकलतो. मग तलफ भागत नाही, उचक्या लागतात, छातीत जळजळ होते, आणि चौथ्या दिवशी कामगार म्हणतो, हे च्युइंगगम काही कामाचे नाही. त्याच्या हातात पुन्हा डबी येते. समुपदेशकाच्या वहीत ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. औषधाचा दोष नव्हता, माणसाच्या इच्छाशक्तीचाही नव्हता.

खरे तर तंबाखू खाणाऱ्याला हे गम वापरायला शिकवणे सिगारेट ओढणाऱ्याला शिकवण्यापेक्षा सोपे जायला हवे. गम सलग चावायचे नसते. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचे, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचे, झिणझिणी ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचे, असे अर्धा तास. बार धरून ठेवण्याची सवय असलेल्याला ‘ठेवणे’ ठाऊकच असते. एकच गोष्ट बदलते. बाराची लाळ तो थुंकत आला, गमची मात्र घोटाघोटाने गिळली जाते, म्हणून सावकाशपणा महत्त्वाचा. आणि गम नेहमीच्या जुन्या जागी, पांढरा चट्टा पडलेल्या किंवा चिरलेल्या अस्तरावर ठेवू नये. जागा बदलावी, चट्टा दंतवैद्याला दाखवावा.

यासाठी लागणारी व्यवस्था या पट्ट्यात बहुतेक आहेच. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, दंत महाविद्यालय आहे, मोठ्या कारखान्यांत वैद्यकीय अधिकारी असतात आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. कमी आहे ती शिफ्टच्या घड्याळाशी औषधाचे घड्याळ जुळवण्याची. वैद्यकीय अधिकाऱ्याने गम लिहून देताना चहाची वेळ विचारावी. सकाळच्या शिफ्टला साडेनऊचा चहा असेल तर दहा वाजता साध्या पाण्याने चूळ भरून गम घ्यायला सांगावे, लाइनवर गम चघळायला परवानगी नसेल तर सुपरवायझरशी बोलून ती मिळवून द्यावी. गमच्या पाकिटातली सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असते. ती मराठीत आणि हिंदीत, मोठ्या टाइपात, कॅन्टीनमध्ये चहाच्या किटलीशेजारी लावावी. त्याच कागदावर खाली छातीच्या गोळीसाठी एक ओळ असावी : तोंड कोरडे असेल तर आधी पाण्याचा घोट घ्या, मग बसून गोळी जिभेखाली ठेवा, चावू नका, गिळू नका, आणि पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ ला फोन करा.